कोणत्या देशाचा हात किती लांब पोचतो, हे घरी बसून कसं मोजायचं

आधी एक पृथ्वीगोल आणा. भिंतीवरचा नकाशा नको, गोलच पाहिजे, कारण सपाट नकाशावर अंतरं फार फसवी दिसतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात शालेय साहित्याच्या दुकानात मिळून जातो. ३० सेंटिमीटर व्यासाचा मिळाला तर हिशोब सोपा पडतो, मग गोलावरचा १ सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. सोबत शिवणाचा दोरा, पट्टी, आणि तुळशीबागेत मिळतात त्या साध्या गोल टिकल्यांची तीन पाकिटं, लाल, पिवळी, निळी. एवढंच सामान लागतं.

मी रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींबरोबर आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेते आणि हा सगळा उद्योग तिथूनच सुरू झाला. मुलं हुशार आहेत, अमेरिकेकडे ११ विमानवाहू नौका, चीनकडे किती, आपल्याकडे दोन, सगळं तोंडपाठ. पण त्या बोटीच्या ताफ्याला तेल कुठे मिळणार, बोट बिघडली तर गोदी कुठली, वैमानिकाला कुणाच्या डोक्यावरून जायचंय आणि त्याने हो म्हटलंय का, हे विचारलं की वर्गात एकदम शांतता. माझं म्हणणं एवढंच आहे की जागतिक ताकदीचा अर्धा हिशोब दुसऱ्या देशांनी दिलेल्या परवानग्यांमध्ये असतो, आणि शस्त्रांच्या तक्त्यात तो कुठेच दिसत नाही. तो दिसायला लागावा म्हणून हा गोल.

पहिलं काम दोऱ्याचं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं सॅन डिएगो शोधा, दोरा धरा, जपानमधल्या योकोसुकापर्यंत ताणून न्या. साधारण २१ सेंटिमीटर भरतील, म्हणजे ९,००० किलोमीटर. आता बोटीचा वेग १५ नॉट धरा, तासाला २८ किलोमीटर, दिवसाला ६७० च्या आसपास, गोलावर जेमतेम दीड सेंटिमीटर. म्हणजे नुसतं जायलाच तेरा-चौदा दिवस, तेवढेच यायला. त्यात नौदलातली माणसं एक हिशोब कायम सांगतात, की लांबच्या समुद्रात एक जहाज सतत उभं ठेवायचं तर पदरी तीन लागतात, एक ड्युटीवर, एक दुरुस्तीला, एक तयारीत किंवा वाटेत. आता तेच जहाज योकोसुकालाच राहात असेल, खलाशांची घरं तिथेच, गोदी तिथेच, तर हा तीनाचा हिशोब मोडतो. अमेरिकेचं सातवं आरमार तिथे आहे आणि एक विमानवाहू नौकाही कायम तिथेच ठेवलेली असते. नवीन जहाज न बांधता ताकद वाढली ती अशी, आणि त्याच्या मुळाशी आहे जपानबरोबरचा १९५१ चा सुरक्षा करार, जो १९६० मध्ये नव्याने केला गेला.

हे काही आजचं नाही. कोळशावर बोटी चालायच्या तेव्हा तर दर काही दिवसांनी कोळसा भरायला लागायचा, म्हणून इंग्रजांनी जिब्राल्टर, माल्टा, एडन, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग अशी ठाण्यांची माळच ओवली होती. दोरा घ्या आणि ही माळ गोलावर लावून बघा, अंगावर काटा येतो. यातलं एडन १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेने घेतलं आणि नंतर कित्येक वर्षं त्याचा कारभार मुंबई इलाख्यातूनच चालायचा. वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला पुण्यात चालला आणि त्यांना नेऊन ठेवलं ते याच एडनला, १८८३ मध्ये तिथेच ते गेले. संगम पुलाजवळून जाताना मला दरवेळी हे आठवतं, की ज्या ठाण्यात बोटी कोळसा भरायच्या तेच ठाणं आपल्या माणसाचा तुरुंग झालं होतं.

आता टिकल्या. लाल टिकली म्हणजे पक्का तळ, जिथे कायम सैन्य आहे आणि लांब मुदतीचा करार आहे. पिवळी म्हणजे दुसऱ्याच्या तळावर फिरती तैनाती, माणसं येतात, काही महिने राहतात, जातात, दारावर झेंडा यजमानाचाच. ऑस्ट्रेलियात डार्विनला अमेरिकन मरीन २०१२ पासून असेच येतात. निळी म्हणजे फक्त तेल, पाणी, रेशन, दुरुस्ती, आणि तेही दरवेळी विचारून. पेपरात या तिन्हीला सरसकट ‘लष्करी तळ’ म्हणून मोकळे होतात आणि सगळा गोंधळ तिथेच होतो, म्हणून बातमी वाचली की आधी टिकलीचा रंग ठरवा, मत नंतर.

एक टिकली सगळ्यात आधी लावा. मुंबईवर बोट ठेवा आणि सरळ दक्षिणेला खाली या, विषुववृत्त ओलांडलं की थोडं पुढे, साधारण ७ सेंटिमीटरवर, दिएगो गार्सिया, ब्रिटनच्या ताब्यातलं बेट आणि त्यावर अमेरिकेचा तळ. मुंबईच्या जवळजवळ त्याच रेखांशावर आहे, हे कळल्यावर माझ्या वर्गातली पोरं उठून गोलाभोवती जमली होती. १९६६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत करार झाला, तिथल्या दीड-दोन हजार चागोसी लोकांना त्यानंतरच्या काही वर्षांत घरदार सोडायला लावून हलवलं आणि मॉरिशस, सेशेल्सला नेऊन सोडलं. १९९१ चं आखाती, २००१ चं अफगाणिस्तानचं, २००३ चं इराकचं, तिन्ही युद्धांत बॉम्बर विमानं इथून उडाली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये मत दिलं की ब्रिटनने हा सगळा चागोस द्वीपसमूह सोडावा, आणि मे २०२५ मध्ये ब्रिटन-मॉरिशसने करारावर सह्या केल्या, त्यात बेटांची मालकी मॉरिशसची पण दिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनच्या ताब्यात असं ठरलं. ही लाल टिकली लावताना त्या माणसांना विसरू नका एवढं माझं मनापासून सांगणं आहे, कारण नकाशावर ठिपका दिसतो, त्याखालचं गाव दिसत नाही.

यानंतर दोरा आणि टिकल्या एकत्र वापरायला शिका, त्यासाठी मी दोन युद्धं घेते.

एक १९८२ चं फॉकलंड, ब्रिटन विरुद्ध अर्जेंटिना. लंडनपासून फॉकलंड बेटं गोलावर ३० सेंटिमीटर, सुमारे १२,७०० किलोमीटर. ब्रिटनसारख्या देशाचा पण हात तिथवर सरळ पोचत नव्हता. मधोमध असेन्शन नावाचं इवलंसं बेट आहे, बेट ब्रिटनचं पण धावपट्टी अमेरिका चालवायची, आणि ते नसतं तर पुढचं काहीच जमलं नसतं. असेन्शनवरून सुद्धा एक व्हल्कन बॉम्बर फॉकलंडवर नेऊन परत आणायला ११ व्हिक्टर टँकर विमानं उडवायला लागली, एकाने दुसऱ्याला तेल द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत करत. एक बॉम्बर आणि अकरा टँकर, हे गुणोत्तर लिहून ठेवा, तळ लांब असला की ताकदीचं काय होतं ते यात आहे.

दुसरं आपलं, १९७१. कराचीपासून ढाक्यापर्यंत दोरा ताणा, सरळ भारतावरून, साडेपाच सेंटिमीटर भरतो. आता तोच दोरा कराचीहून समुद्रातून कोलंबोला न्या आणि तिथून वर ढाक्याला. ११ च्या वर जातो. जानेवारी १९७१ च्या शेवटी ‘गंगा’ विमानाचं अपहरण झालं, ते लाहोरला जाळलं गेलं आणि भारताने आपल्या हद्दीवरून जाणारी पाकिस्तानी विमानं बंद केली. त्या दिवसापासून पाकिस्तानची माणसं नि सामान श्रीलंकेला वळसा घालून, कोलंबोत तेल भरून पूर्वेला जायला लागलं. डिसेंबरात युद्ध झालं तेव्हा पूर्वेकडची फौज किती एकटी पडली होती हे वाचताना हा दोरा डोळ्यासमोर ठेवा. आणि आज सुद्धा हे बघता येतं, एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपल्या विमान कंपन्यांना हद्द बंद केली, तेव्हा फ्लाइटरडार या विमानांचा माग दाखवणाऱ्या वेबसाइटवर एअर इंडियाची दिल्ली-लंडन विमानं कशी वळसा घालतात ते बघा, नातेवाईक येणार असतील तर तास मोजालच.

याच युद्धात युतीच्या कागदाची पण परीक्षा झाली. पाकिस्तान तेव्हा सिएटो आणि सेंटो या अमेरिकेच्या बाजूच्या दोन्ही लष्करी गटांत होता. त्यासाठी त्याने बरंच दिलं पण होतं, पेशावरजवळ बडाबेरला अमेरिकेला हेरगिरीचा तळ दिला होता, १९६० मध्ये रशियाने पाडलेलं यू-२ विमान पेशावरहूनच उडालं होतं. पण १९७१ मध्ये त्या दोन गटांपैकी कुणीही पाकिस्तानसाठी लढायला उतरलं नाही. अमेरिकेने एंटरप्राइज ही विमानवाहू नौका घेऊन ताफा बंगालच्या उपसागराकडे पाठवला, धाक म्हणून, आणि आपल्या बाजूला ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार होता, ज्यात ‘आम्ही तुमच्यासाठी लढू’ असं कुठेही नाही, फक्त धोका आला तर ताबडतोब सल्लामसलत करू आणि योग्य ती पावलं उचलू असं आहे. तरी सोव्हिएत जहाजं आली. म्हणजे कागदावर जास्त लिहिलेलं कामाला आलं नाही आणि कमी लिहिलेलं आलं, हे कशामुळे, तर त्या त्या वेळी त्या देशांचं हित कुठे होतं ते बघायला लागतं.

तरीही कागद वाचायचाच, आणि मूळ कलम वाचायचं, कुणीतरी सांगितलेलं सार नको. नाटोचं उदाहरण घ्या, १९४९ मध्ये १२ देश, आता ३२. ‘एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला’ हे पाचवं कलम सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच वाक्यात पुढे असं आहे की प्रत्येक देश त्याला आवश्यक वाटेल ती कृती करेल, म्हणजे युद्धात उतरणं आपोआप होत नाही. आणि लगेच सहावं कलम वाचा, त्यात भूगोल बांधून दिलाय, युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेचा अटलांटिक. म्हणून फॉकलंडसाठी नाटोवर काहीच बंधन नव्हतं. तरी अमेरिकेने इंधन दिलं, क्षेपणास्त्रं दिली. पाचवं कलम आजवर एकदाच लागू झालंय, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, म्हणजे युरोपच्या रक्षणासाठी केलेला करार पहिल्यांदा वापरला गेला तो अमेरिकेसाठी.

कागद वाचताना वहीत दोन गोष्टी टिपायच्या, यजमानाने काय दिलं नि त्याला काय मिळालं, आणि नाही म्हणायचा हक्क कुणाकडे आहे.

पहिल्यासाठी पुणेकरांनी लांब जायची गरजच नाही. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, दुसरा बाजीराव पुणं सोडून गेला आणि ३१ डिसेंबरला वसईला त्याने इंग्रजांशी तह केला. तैनाती फौज, सहा हजार पायदळ, कायमचं पेशव्यांच्या मुलखात. खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. इंग्रजांशी वैर असलेल्या दुसऱ्या युरोपियनांना नोकरीत ठेवायचं नाही, परस्पर कुणाशी युद्ध नाही, तह नाही. मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने बाजीरावाला परत पुण्याच्या गादीवर बसवलं, आणि नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तोवर सुटायला जागाच उरली नव्हती. कुठलाही आजचा करार वाचताना मी मुलांना सांगते की वसईची ही कलमं शेजारी ठेवा आणि विचारा, फौज येणार तिचा खर्च कोण करणार, तिसऱ्या देशाशी बोलायचं स्वातंत्र्य राहतंय का, आणि ‘आता जा’ असं म्हणायची सोय आहे का. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की करार बरोबरीचा आहे का ते कळायला लागतं. सगळेच करार वसईसारखे असतात असं मात्र अजिबात समजू नका, जपान आणि दक्षिण कोरिया अमेरिकन फौजेच्या खर्चातला मोठा वाटा उचलतात पण संरक्षणाची हमीही घेतात आणि निवडणुकीत त्यावर भांडतातही. ओकिनावा जपानच्या जमिनीच्या एका टक्क्याहून कमी आहे आणि फक्त अमेरिकन फौजांसाठी राखलेल्या जमिनीतली ७० टक्के तिथेच आहे, तिथले लोक कित्येक वर्षं याविरुद्ध बोलतायत, टोकियोला सुरक्षा मिळते आणि आवाज, अपघात, जमीन ओकिनावाच्या वाट्याला. किंमत देशाने दिली असं आपण म्हणतो, पण देशातल्या कुणी दिली हेही टिपा.

देवाणघेवाण उघडपणे झाल्याचं उदाहरण हवं असेल तर सप्टेंबर १९४० चं आहे. ब्रिटनला जहाजं हवी होती, अमेरिकेला जागा, तर ५० जुन्या विनाशिका दिल्या आणि बदल्यात बर्म्युडा, न्यूफाउंडलंड, कॅरिबियन भागात जागांचे हक्क ९९ वर्षांसाठी घेतले.

नाही म्हणायचा हक्क, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १६ सप्टेंबर १९९१ ला फिलिपिन्सच्या सिनेटने अमेरिकन तळांची मुदत वाढवायला नकार दिला, १२ विरुद्ध ११. आणि पुढच्या वर्षाअखेर सुबिक बेमधून अमेरिकन नौदल गेलं. नंतर दक्षिण चीन समुद्रात चीनचा दबाव वाढत गेला, २०१४ मध्ये नवा करार झाला आणि २०२३ पर्यंत ९ जागा दिल्या गेल्या, पण आता त्या फिलिपिन्सच्याच तळांमध्ये, म्हणजे जिथे लाल टिकली होती तिथे काही नाही आणि आजूबाजूला पिवळ्या. १ मार्च २००३ ला तुर्कस्तानच्या संसदेत बाजूने २६४, विरोधात २५०, आणि १९ तटस्थ, त्यामुळे लागणारं बहुमत हुकलं आणि इराकवर उत्तरेकडून चाल करायला निघालेल्या अमेरिकन डिव्हिजनचं सामान भूमध्य समुद्रातून सुएझमार्गे कुवेतला न्यायला लागलं. तुर्कस्तान नाटोचाच सदस्य बरं का. १९८६ मध्ये तर फ्रान्स आणि स्पेनने हद्द दिली नाही म्हणून ब्रिटनहून लिबियावर निघालेली अमेरिकन विमानं अटलांटिकमधून जिब्राल्टरला वळसा घालून गेली. पाकिस्तानने नोव्हेंबर २०११ मध्ये अफगाणिस्तानकडे जाणारा नाटोचा रस्ता सात महिने बंद ठेवला, तेव्हा उत्तरेकडच्या दुसऱ्या मार्गाने सामान न्यायचा जादा खर्च महिन्याला १० कोटी डॉलर असल्याचं अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी स्वतः सांगितलं होतं. म्हणून टिकलीशेजारी पेन्सिलने लिहायचं, सही कुणाची, मंजुरी संसदेची की एकट्या सत्ताधाऱ्याची. एकट्याची असेल तर तो गेला की टिकली हलते, नायजरमध्ये २०२३ ला सत्तापालट झाला आणि अगादेझचा मोठा ड्रोन तळ अमेरिकेला २०२४ मध्ये सोडायला लागला.

जिबूतीवर मात्र हात थांबवा, कारण तिथे टिकल्या एकमेकींवर चढतात. अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली, आणि २०१७ पासून चीनचा पहिला परदेशी तळ, सगळे एका छोट्या देशात, लाल समुद्रात शिरायच्या बाब अल मंदेब सामुद्रधुनीच्या तोंडाशी. मुंबईपासून दोऱ्याने पावणेआठ सेंटिमीटर, पाच दिवसांचा प्रवास. चीनकडे जहाजांची संख्या प्रचंड आहे पण लाल टिकल्या अगदीच थोड्या, म्हणून श्रीलंकेतलं हंबनटोटा, पाकिस्तानातलं ग्वादर, कंबोडियातलं रीम इथे कुठलं जहाज किती दिवस थांबलं हे बारकाईने बघायला हवं. हंबनटोटा २०१७ पासून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीकडे आहे आणि ऑगस्ट २०२२ मध्ये युआन वांग ५ हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज तिथे आलं, पण तो व्यापारी बंदराचा करार आहे, सध्या मी तिथे निळी लावलीये.

आणि भारत. आपण कुठल्याही लष्करी गटात नाही, त्यामुळे आपल्या टिकल्या जवळपास सगळ्या निळ्या. अमेरिकेबरोबर ऑगस्ट २०१६ चा लेमोआ हा रसदीचा करार, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना झालेला, त्यात तेल, रेशन, दुरुस्ती, पैसे चुकते करून, आणि तळ द्यायचं बंधन नाही. तळ द्यायचेत, हे करारात नसलेलं वाक्य टीव्हीवर किती जणांनी आहे म्हणून सांगितलं होतं तेव्हा! मग फ्रान्स, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, जपान, ओमानमधलं दुक्म. हे दोन्ही बाजूंनी चालतं, ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकन नौदलाचं चार्ल्स ड्र्यू हे जहाज दुरुस्तीला चेन्नईजवळ कट्टुपल्लीला आलं, तर आपल्या किनाऱ्यावर पण दुसऱ्यांच्या नावाने निळी टिकली लावायची. परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाइटवर करारांचा विभाग आहे आणि पीआयबीची, म्हणजे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची, मूळ पत्रकं मिळतात, तिथून शब्द तपासा, व्हॉट्सॲपवरून अजिबात नको.

एनडीएतला, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतला, सुदान ब्लॉक बाहेरून तरी बघितला असेल. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांनी सुदानच्या बाजूला जी लढाई केली त्याबद्दल सुदानने एक लाख पौंड दिले, फाळणीनंतर भारताच्या वाट्याला त्यातले ७० हजार आले आणि ते या इमारतीला लागले. आजही मित्रदेशांचे कॅडेट खडकवासल्याला आपल्या पोरांबरोबर शिकतात. वीस-पंचवीस वर्षांनी त्यातला कुणी आपल्या देशात वरच्या पदावर बसतो, आणि आपलं जहाज बंदरात घ्यायचं का असा कागद त्याच्यापुढे येतो. याला टिकली नाही, पण मी वहीत याचं वेगळं पान ठेवलंय.

आमच्या गोलावर सध्या एकाच जागेवरून वाद चालू आहे, अगालेगा. मॉरिशसची दोन छोटी बेटं, भारताने तिथे ३ किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधून दिला, २९ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालं. मुलं म्हणतात पिवळी लावा, मी म्हणते मॉरिशस सरकार हा तळ नाही म्हणतंय तर निळीच. तिथून पश्चिमेला सेशेल्सचं असम्प्शन बेट आहे, तिथे पण २०१८ मध्ये आपला सुधारित करार झाला होता पण त्यांच्या संसदेत विरोधकांचं बहुमत होतं, मंजुरी मिळालीच नाही, तर तिथे आम्ही टिकली लावली नाही, नुसतं पेन्सिलने गोल करून २०१८ लिहून ठेवलंय.